जीपचं मागचं क्राउन-पिनियन बदलताना: रेशो निवडण्यापासून दातांवरच्या ठशापर्यंत

म्हापशाहून पेडण्याच्या वाटेला लागलं आणि काटा साठाच्या पुढे गेला की माझ्या जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह डिझेल जीपचं इंजिन किंचाळायला लागायचं. पूर्वी हे जाणवत नसे, कारण साठाच्या वर जावं असा रस्ताच नव्हता. आता एनएच-६६ रुंद झालाय, पणजीत २०१९ पासून अटल सेतू आहे, २०२२ च्या डिसेंबरात झुआरीचा नवा पूल सुरू झाला. मागून येणारी गाडी ऐंशीनं येते आणि आपण उजव्या आरशात तिचे दिवे बघत कडेला सरकत राहतो. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत. अडचण होती मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात. तिथल्या क्राउन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) या जोडीचा रेशो ५.३८ होता, म्हणजे पिनियनचे ५.३८ फेरे झाले की क्राउनचा एक. हा ओढकामासाठी आणि कच्च्या वाटेसाठी घातलेला.

पहिल्यांदा मी हे काम एका गॅरेजात देऊन मोकळा झालो. दीड दिवसात गाडी मिळाली. महिन्याभरात पन्नासच्या पुढे घोंगावणारा आवाज सुरू झाला आणि कव्हर उघडलं तेव्हा नव्या क्राउनच्या दातांच्या कडा खाल्लेल्या होत्या. जुन्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) जशाच्या तशा घालून नवे गिअर बसवले होते, मोजमाप काहीच नाही. दुसऱ्या वेळी आमच्या डिचोलीच्या मेस्त्रींबरोबर मी स्वतः तीन दिवस बसलो. तो आवाज परत आला नाही. या कामात गिअर बसवणं थोडं आणि मोजणं फार, म्हणून खाली मोजण्याबद्दलच जास्त लिहितोय.

रेशो कुठला घ्यायचा

आधी आपल्या गाडीत आत्ता काय आहे ते बघा. कव्हरच्या बोल्टाखाली पत्र्याची चिट्टी असली तर तिच्यावर दातांचे आकडे असतात, पण गोव्याच्या खाऱ्या हवेत ती बहुधा गंजून गेलेली असते. मग मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना अडण लावा, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची खूण करून तो किती फेरे फिरला ते मोजा. सव्वापाचाच्या थोडं पुढे गेला तर ५.३८, पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८, सव्वाचार तर ४.२७. साध्या डिफरेन्शियलला हा हिशेब चालतो. पक्की खात्री दात मोजूनच होते: ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७, ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३.

आता टायर. पुस्तकातला व्यास घेऊ नका. हवा भरून, गाडीत माणूस बसवून, टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, गाडी एक फेरा ढकला आणि टेपनं अंतर घ्या. माझ्या १६ इंची टायरचं ते २.२ मीटर आलं. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर. त्याला २.२ नं भागलं की चाकाचे मिनिटाला ४५५ फेरे. टॉप गिअर थेट असेल, म्हणजे एकास एक, तर याला अ‍ॅक्सलच्या रेशोनं गुणलं की इंजिनचे फेरे मिळतात. ५.३८ ला सुमारे २४५०, ४.८८ ला २२२०, ४.२७ ला १९४०. ताशी ८० ला हेच आकडे ३२६०, २९५५ आणि २५९० होतात. जुन्या डिझेलला ३२६० वर तासभर पळवणं आणि २६०० च्या आत पळवणं यातला फरक कानाला आणि डिझेलच्या काट्याला लगेच कळतो.

मग सरळ ३.७३ च का नको, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे किनाऱ्यानं सपाट आहे आणि पूर्वेला वळलं की चढ. साखळी-केरीकडून चोर्ला, मोल्यावरून अनमोड, दक्षिणेला काणकोणात उतरताना करमल घाट. ५.३८ वरून ४.२७ वर आलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला पोचणारा जोर पाचातला एक हिस्सा कमी होतो. चढावर तर ते जाणवतंच, पण उतारावर जास्त जपायला हवं, कारण इंजिनची अडवणूकही तेवढीच घटते आणि ड्रमब्रेकवरचा भार वाढतो. पूर्वी तिसऱ्यात उतरत होतो तिथे आता दुसरा लागतो. रायबंदर-चोडणच्या फेरीवर ओहोटीच्या वेळी भरली जीप रॅम्पवर थांबवून पुन्हा उचलायची असेल तर क्लचला विचारा. सत्तरीत बागायतीचा माल ओढणाऱ्या माझ्या एका नातेवाइकाला मी ४.८८ च्या पुढे जाऊ दिलं नाही. माझं जाणं-येणं डिचोली-पणजी-म्हापसा, महिन्यातून एकदा घाट. मला ४.२७ योग्य पडला.

३.७३ ला आणखी एक अडचण आहे. जुन्या जीपमध्ये येणाऱ्या डाना ४४ जातीच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउन ज्या केजवर बसतो ती दोन प्रकारची असते. ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक, ३.९२ आणि वरच्यांना दुसरी. म्हणजे ५.३८, ४.८८ आणि ४.२७ एकाच केजवर बसतात, ३.७३ साठी केजच बदलावी लागते. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो. फक्त मागचा बदलून फोर-व्हील टाकली तर डांबरी रस्त्यावर काही मिनिटांतच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येऊन काहीतरी तुटतं. तुमची तशी गाडी असेल तर खर्च दुप्पट धरूनच निर्णय घ्या. आणि टायर मोठे घालायचा विचार असेल तर आधी टायर घाला, मग रेशो. घेर दहा टक्के वाढला की रेशो जवळपास तेवढ्यानं खाली आल्यासारखं होतं.

सामान

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर एकच जोडीचा नंबर असतो. नंबर जुळला नाही तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. जुन्या बाजारातला जोड घ्यायचा झाला तर दातांच्या चकाकीवर बोट फिरवून बघा. एका बाजूला धार लागलेली, खड्डे पडलेले किंवा निळी झाक असलेली जोडी भंगारच. पिनियनच्या टोकाच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) मोजा, तुमच्या फ्लँजला (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीला) जुळायला हव्यात. पिनियनच्या डोक्यावर कोरलेला किंवा लिहिलेला बारीक आकडा, +२, -१ असा काही, तो डायरीत टिपून ठेवा. पुढे त्याचाच उपयोग आहे.

बेअरिंग चारही नवी: पिनियनची दोन, केजची दोन. जुनी चांगली दिसतात म्हणून ठेवायची नाहीत. शिवाय पिनियनचं ऑइल सील, नवी पिनियन नट, नवे क्राउन बोल्ट, शिमचा पूर्ण जाडीचा संच, कव्हरचं गॅस्केट आणि अ‍ॅक्सलच्या टोकांची सील. म्हापशात सगळं एका जागी मिळालं नाही तर बेळगावला एक चक्कर लागते. कामाला सुरुवात सगळं हातात आल्यावरच करा. चवथीच्या आधी गाडी हवी म्हणून अर्ध्या सामानावर सुरुवात करणाऱ्यांच्या गाड्या चवथीला गॅरेजातच असतात.

हत्यारांमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा), टॉर्क रेंच, मायक्रोमीटर आणि मासळीवाले वापरतात तसा स्प्रिंगचा काटा हवाच. प्रेस लेथवाल्याकडे असतो.

उघडणं

पावसाळ्यात हे काम काढू नका. जूनच्या हवेत उघडा क्राउन रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस पापुद्रा आलेला असतो. आम्ही दिवाळीनंतर केलं.

गाडी उचलताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. चिऱ्यावर गाडी ठेवू नका. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि हात आपसूक तिकडे जातो. चिरा सच्छिद्र दगड आहे, एका कोपऱ्यावर भार आला की सांगितल्याशिवाय फुटतो. लोखंडी स्टँड चासीखाली, सिमेंटच्या जमिनीवर, आणि जॅकही खाली तसाच लावून ठेवायचा.

कव्हर काढण्याआधी जुन्या गिअरचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) मोजून ठेवता आला तर ठेवा. तेल काढताना ते पांढऱ्या डब्यात घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, बहुतेक वेळा वरच्या ब्रीदरमध्ये (हवा जायच्या भोकात) चिखल बसल्यामुळे. चमचमणारी बारीक भुकटी चालते, बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत. ते तेल बांयच्या (विहिरीच्या) किंवा शेताच्या आसपास ओतू नका. जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे डबा भरून द्या.

जुन्या जीपच्या मागच्या अर्ध्या शाफ्टची टोकं निमुळती असतात आणि हब त्यावर चावीसह दाबून बसलेला असतो. तो फक्त चांगल्या पुलरनंच निघतो. नट एक-दोन आटे सैल करून तशीच ठेवा, म्हणजे हब सुटताना उडणार नाही. शाफ्टच्या टोकावर घण मारू नका. तो मार थेट दोन शाफ्टांच्या मध्ये असलेल्या थ्रस्ट ब्लॉकवर (ठोकळ्यावर) जातो. बसवताना निमुळत्या भागाला ग्रीस लावायचं नाही, तो कोरडा आणि स्वच्छच हवा. शाफ्टबरोबर निघणाऱ्या शिम डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवा. त्यांच्यामुळे शाफ्टचा आत-बाहेर प्ले ठरतो, जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी.

केजच्या बेअरिंग कॅपवर खुणा असतात. नसतील तर पंचनं करा. या कॅप हाउसिंगसह एकाच वेळी बोअर केलेल्या असतात, डावी उजवीकडे किंवा उलटी बसली तर बेअरिंग फुकट गेली. केज बाहेर काढताना तिच्या दोन्ही बाजूंच्या शिम तारेत ओवून चिठ्ठ्या लावा. पिनियन काढल्यावर त्याच्या आतल्या बेअरिंगच्या शिमही तशाच.

पिनियनची खोली

पहिल्या वेळी सगळं बिघडलं ते इथेच. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर बसतो ते आतल्या बेअरिंगच्या कपमागच्या शिमवर ठरतं. सुरुवात जुन्या शिमच्या जाडीपासून करायची, मात्र पिनियनच्या डोक्यावरच्या आकड्याचा फरक धरून. जुन्यावर +२ आणि नव्यावर -१ असेल तर फरक तीन, म्हणजे हजाराव्या इंचात ३, म्हणजे ०.०७६ मिमी शिम वाढवायची. नव्याचा आकडा जुन्यापेक्षा अधिक असेल तर तेवढी कमी करायची. हा फक्त पहिला अंदाज आहे, शेवटचा शब्द दातांवर पेस्ट लावून उठवलेल्या ठशाचा, तो पुढे येतो.

शिम बदलायची म्हणजे दर वेळी बेअरिंग दाबून काढणं-घालणं आलं, आणि तिसऱ्या वेळी नवं बेअरिंग खराब होतं. म्हणून जुन्या बेअरिंगचा आतला व्यास लेथवर किंचित वाढवून घ्या, इतका की हातानं सरकेल. चाचणीसाठी तीच वापरायची, नवी फक्त शेवटी बसवायची. आमच्या मेस्त्रींकडे अशा चाचणीच्या बेअरिंगचा एक डबाच भरलेला आहे. केजच्या बेअरिंगचंही असंच.

यानंतर प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम दिलेला दाब. शेवटी नवी बेअरिंग बसवल्यावर, सील न घालता, क्राउन आत नसताना, पिनियन नट कसून फ्लँज फिरवून बघायची. फ्लँजला दोरी गुंडाळा, स्प्रिंगचा काटा अडकवा आणि एकसारखं ओढा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, फिरता असतानाचा आकडा घ्यायचा. डाना ४४ ला नव्या बेअरिंगसाठी २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर धरतात. दोरी मध्यापासून ५ सेमीवर असेल तर काट्यावर साधारण ४.७ ते ९.२ किलो दिसायला हवं. कमी असेल तर बाहेरच्या बेअरिंगजवळची शिम कमी करा, जास्त असेल तर वाढवा. काही गाड्यांत शिमऐवजी चेपणारी स्लीव्ह असते, ती एकदाच वापरता येते. नट जरा जास्त कसली गेली तर सैल करून भागत नाही, नवी स्लीव्ह घालावी लागते. जीपच्या शिमवाल्या रचनेत नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला जाते, म्हणून फ्लँज अडवायला लांब लोखंडी पट्टी आधीच करून ठेवा.

क्राउन, बॅकलॅश

केजचा तोंडाचा भाग बारीक तेलदगडानं हळू पुसून उंचवटे काढा. क्राउन उकळत्या पाण्यात ठेवून गरम केला तर ठोकाठोक न करता बसतो. लगेच कोरडा पुसा. बोल्टांना थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे आळीपाळीनं, ३/८ इंची बोल्ट साधारण ७५ न्यूटन-मीटरला. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा, इथल्या सगळ्याच आकड्यांबाबत हे लक्षात ठेवा.

केज आत बसवा, डायल गेजचं टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाशी काटकोनात टेकवा, पिनियन धरून ठेवा आणि क्राउन पुढे-मागे हलवा. ०.१५ ते ०.२५ मिमी यायला हवं. जास्त असेल तर क्राउनच्या बाजूची शिम वाढवून तेवढीच दुसऱ्या बाजूची कमी करायची, म्हणजे क्राउन पिनियनकडे सरकतो. शिम ०.१० मिमी हलली की बॅकलॅश साधारण ०.०७ मिमी बदलतो, हे माहीत असलं की चाचपडत बसावं लागत नाही. चार जागी मोजा. एकमेकांत ०.०८ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर क्राउनखाली कचरा राहिलाय किंवा तो वाकडा कसला गेलाय.

ठसा

तीन-चार दातांवर दोन्ही बाजूंना पातळ पिवळी मार्किंग पेस्ट लावा, असं क्राउनवर तीन ठिकाणी. क्राउनला लाकडाच्या दांड्यानं थोडा दाब देऊन ठेवा आणि पिनियनवरून दोन्ही दिशांना काही फेरे फिरवा. दाबाशिवाय फिरवलेला ठसा खरं सांगत नाही.

दाताची फुगीर बाजू पुढे जाताना भार घेते, पोकळ बाजू गाडी सोडून दिल्यावर. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. वरच्या कडेला गेला असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, शिम वाढवा. मुळाशी गेला असेल तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. लांबीच्या दिशेनं बघायचं झालं तर ठसा आतल्या अरुंद टोकाकडे गेला म्हणजे बॅकलॅश कमी, बाहेरच्या रुंद टोकाकडे गेला म्हणजे जास्त. अगदी मध्याऐवजी आतल्या टोकाकडे किंचित असला तर मी खूश असतो, कारण भार आला की तो बाहेरच्या बाजूला सरकतो.

खोली बदलली की बॅकलॅश बदलतो, बॅकलॅश बदलला की ठसा बदलतो. आम्हाला पाच वेळा सगळं काढावं लागलं. चौथ्या वेळी ठसा मुळाजवळ होता आणि मी म्हटलं, चालेल. मेस्त्रींनी काही न बोलता कॅपचे बोल्ट सोडायला घेतले. पाचव्या वेळी ०.०५ मिमी शिम कमी केली आणि ठसा मध्यावर आला. मनासारखा ठसा आला की त्याचा फोटो काढून ठेवा.

नंतर पुस्तिकेप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखी थोडी जादा शिम घालून केजच्या बेअरिंगला प्रीलोड द्यायचा. ती घट्ट बसते, रबरी हातोडीनं सगळीकडे सारखी ठोकत आत न्यायची. मग नवी बेअरिंग आणि सील घालून शेवटची जोडणी, आणि बॅकलॅश व ठसा पुन्हा एकदा.

तेल, स्पीडोमीटर, पहिले किलोमीटर

तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९०, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका, जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते सोसत नाही. ब्रीदर स्वच्छ आहे ना बघा. ड्रम काढलेच आहेत तर व्हील सिलिंडर गळतात का तेही बघून घ्या, घाटात ब्रेकवर आता जास्त भिस्त आहे.

जीपला स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून (फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केसवरून) जाते, चाकावरून नाही. त्यामुळे रेशो बदलल्यावर काटा खोटं बोलायला लागतो, आणि तेही धोक्याच्या बाजूनं. ५.३८ चं ४.२७ केल्यावर काट्यावर ६० दिसतात तेव्हा गाडी खरी ७५ नं जात असते. केबलच्या टोकाचा छोटा गिअर बदलून घ्या. तो मिळेपर्यंत फोनवरच्या जीपीएसशी ताडून काचेवर खऱ्या ५० ची आणि ८० ची खूण करा. पुलावर वेगमर्यादा ओलांडली तर काटा चुकीचा होता हे कारण कोणी ऐकणार नाही. आरसीवर अ‍ॅक्सलचा रेशो लिहिलेला नसतो, पण याच वेळी इंजिन किंवा आसनव्यवस्थेत बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, आधी आरटीओत विचारा.

पहिल्या दिवशी २५ किमी सावकाश, मग अर्धा तास थांबून गार करा. असं दोन-तीन वेळा. हाउसिंग कोमट-गरम लागेल, पण हात ठेवता यायला हवा. चटका बसला तर प्रीलोड जास्त आहे, पुढे जाऊ नका. पहिले ८०० किमी ट्रेलर नाही, भरगच्च माल नाही, घाट नाही. पेडल दाबल्यावर किंवा सोडल्यावरच घोंगावत असेल तर ठसा पुन्हा बघावा लागेल. पेडलशी संबंध न ठेवता घरघरत असेल तर बेअरिंग. गाडी उचलताना ठक्क वाजत असेल तर बॅकलॅशला दोष देण्याआधी प्रोपेलरचे क्रॉस (सांधे) हलवून बघा.

८०० ला तेल बदला. पहिल्या तेलात राखाडी भुकटी येते, नवे दात एकमेकांत बसताना ती येणारच. ते तेल कापडातून गाळून काय निघालं ते बघा आणि त्याचाही फोटो ठेवा. पुढच्या दोन हजार किमीनंतर पुन्हा प्लग काढून थोडं तेल बघायचं. तेव्हाही तेवढीच भुकटी दिसली तर कव्हर उघडायचं आणि पिवळी पेस्ट परत लावायची.